कळणे आणि सिद्ध होणे

एखाद्या देशाचे सरकार, लष्कर किंवा गुप्तचर यंत्रणा ज्यांना पगार, संरक्षण आणि लक्ष्य पुरवते, त्या संगणकतज्ज्ञांच्या गटांना राज्यपुरस्कृत हॅकर गट म्हणतात. साध्या चोराला वेळेची घाई असते; या गटांना ती नसते, कारण त्यांच्यामागे सरकारी तिजोरी उभी असते आणि एका संस्थेच्या जाळ्यात महिनोन्‌महिने गुपचूप वावरत राहणे त्यांना परवडते. त्यांच्या हालचालींचा माग काढणे, त्यांची हत्यारे आणि सवयी नोंदवून ठेवणे व पुढचा घाव कोठे बसेल याची आगाऊ सूचना देणे, या कामाला ‘थ्रेट इंटेलिजन्स’ म्हणजे सायबर धोक्यांची गुप्तवार्ता असे नाव आहे. या गुप्तवार्तेची ताकद आणि तिची मर्यादा या दोन्ही गोष्टी पुण्यातील एका घटनेत जितक्या स्पष्ट दिसतात, तितक्या क्वचितच अन्यत्र दिसतात.

१९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्ट २०१८ रोजी, शनिवारी, हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातल्यावर पैशांची मागणी ‘स्विच’ नावाच्या मधल्या संगणकप्रणालीकडे जाते, ती बँकेच्या मुख्य प्रणालीला खात्यात शिल्लक आहे का हे विचारते आणि होकार आल्यावरच यंत्रातून नोटा बाहेर पडतात. हल्लेखोरांनी या वाटेवर आपला बनावट स्विच बसवला. त्यामुळे प्रश्न मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलाच नाही आणि प्रत्येक मागणीला परस्पर होकार मिळत गेला. काही तासांत २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांच्या साहाय्याने सुमारे ७८ कोटी रुपये आणि भारतात सुमारे अडीच कोटी रुपये काढले गेले. १३ ऑगस्टला, बँका परस्परांना रक्कम पाठवण्यासाठी वापरतात त्या ‘स्विफ्ट’ संदेशप्रणालीतून आणखी सुमारे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगमधील एका बँकेच्या खात्यात वळवण्यात आले. एकूण नुकसान ९४ कोटींच्या पुढे गेले, आणि ते झाले एका सहकारी बँकेचे, म्हणजे अखेर सर्वसामान्य सभासद आणि ठेवीदार यांच्या विश्वासावर चालणाऱ्या संस्थेचे.

मार्च २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञसमितीच्या अहवालात या हल्ल्याचा उल्लेख उत्तर कोरियाच्या कारवायांमध्ये झाला. अण्वस्त्रांमुळे लादलेल्या आर्थिक निर्बंधांना बगल देऊन परकीय चलन मिळवण्यासाठी तो देश बँका फोडतो, हे त्या अहवालाचे प्रतिपादन होते. पुण्यातील बँकेपासून प्योंगयांगपर्यंतचा असा धागा सापडतो तो सहसा एकाच पुराव्यातून नव्हे, तर अनेक लहान खुणांच्या जुळणीतून. जुन्या हल्ल्यातील मालवेअरचा, म्हणजे घातक संगणक आज्ञावलीचा, एखादा तुकडा नव्या हल्ल्यात जसाच्या तसा आढळतो. तोच सर्व्हर पुन्हा वापरलेला दिसतो. काम करण्याच्या वेळा एखाद्या विशिष्ट देशाच्या कचेरीच्या वेळांशी जुळतात. कोणत्या देशाला या लाभाची गरज होती, हा प्रश्नही शेवटी विचारावाच लागतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी ‘फास्टकॅश’ या नावाने एटीएम स्विच फोडण्याच्या उत्तर कोरियाई पद्धतीचे तपशील जाहीर केले, तेव्हा पुण्यात घडलेला प्रकार सुटा नव्हता हे अधिक ठळक झाले.

मात्र खुणा मुद्दाम पेरताही येतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये दक्षिण कोरियातील प्योंगचांग हिवाळी ऑलिम्पिकच्या उद्घाटनावेळी आयोजकांची संगणकव्यवस्था कोलमडली, तेव्हा त्या मालवेअरमध्ये उत्तर कोरियाई गटाची ‘सही’ सापडली होती. आज्ञावली कोणत्या साधनांनी घडवली याची जी नोंद फाइलच्या आत दडलेली असते, ती उत्तर कोरियाई नमुन्याशी तंतोतंत जुळत होती. कॅस्परस्की कंपनीच्या संशोधकांनी ती नोंद प्रत्यक्ष आज्ञावलीशी ताडून पाहिली, तेव्हा ती खोटी असल्याचे उघड झाले. ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेने या हल्ल्याबाबत रशियन लष्करी गुप्तचर संघटनेच्या सहा अधिकाऱ्यांवर आरोपपत्र दाखल केले. म्हणूनच गंभीर विश्लेषक आपल्या निष्कर्षासोबत खात्रीची पातळीही सांगतात, आणि ती पातळी गाळून केवळ देशाचे नाव मथळ्यात टाकणे ही वाचकांची दिशाभूल ठरते.

मुंबईने याचा अनुभव घेतला आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई व परिसराचा वीजपुरवठा खंडित झाला, लोकल गाड्या थांबल्या. पुढे २०२१ मध्ये ‘रेकॉर्डेड फ्यूचर’ या अमेरिकी कंपनीने भारतीय वीजक्षेत्रात चीनशी संबंधित गटाचा शिरकाव झाल्याचे मांडले. वीज जाण्याशी त्या शिरकावाचा संबंध सिद्ध झालेला नाही, हे अहवालातच नमूद होते. तरीही राज्य सरकारने घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले, आणि या वादात, वीजयंत्रणेत परका शिरला असेल तर त्याला बाहेर कसे काढायचे, हा खरा महत्त्वाचा प्रश्न मागे पडला.

गुप्तवार्तेचे मोल ती वेळेवर आणि कृती करता येईल अशा रूपात पोहोचण्यात आहे. १० ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे पुण्यातील हल्ल्याच्या आदल्याच दिवशी, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय इशारा पाठवला होता, की येत्या काही दिवसांत बनावट कार्डांनी जगभरातील एटीएममधून एकाच वेळी मोठी रक्कम काढली जाण्याची शक्यता आहे. पद्धत अचूक ओळखली गेली होती, मुहूर्तही जवळजवळ कळला होता, फक्त लक्ष्य कोणते हे त्यात नव्हते. भारतात अशा घटनांची माहिती गोळा करणारी राष्ट्रीय संस्था ‘सर्ट-इन’ २००४ पासून कार्यरत आहे, आणि एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवणे बंधनकारक झाले आहे. एका संस्थेला बसलेला घाव दुसरीसाठी इशारा ठरावा, यासाठी ही तरतूद अत्यंत आवश्यक होती.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने कॉसमॉस प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावली. ही शिक्षा झाली ती बनावट कार्डे घेऊन भारतातील एटीएममधून पैसे काढण्याच्या कटात सामील असलेल्यांना. ज्यांनी तो बनावट स्विच घडवला, त्यांच्यापैकी एकही जण त्या न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभा नव्हता.