डार्विनचे बटाटे का शिजले नाहीत?

मार्च 1835. चार्ल्स डार्विन अँडीज पर्वत ओलांडत होता. उंचावर मुक्काम पडला, बटाटे उकडायला ठेवले. पाणी खळखळत होतं, भांडं रात्रभर विस्तवावर होतं, सकाळी पुन्हा उकळी आणली. तरी बटाटे कच्चेच! सोबतच्या दोघांनी निदान केलं की भांडं नवीन आहे, त्यालाच बटाटे शिजवायचे नाहीत.

भांडं बिचारं निर्दोष होतं. पाणी कधी उकळायचं हे वरच्या हवेचा दाब ठरवतो. दर 300 मीटर चढलं की उकळबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. आपल्या कळसूबाईच्या माथ्यावर, 1646 मीटरवर, पाणी साडेचौऱ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. लेहमध्ये 88ला, एव्हरेस्टवर सत्तरीतच. आच कितीही वाढवा, उघड्या पातेल्यातलं पाणी त्यापुढे तापत नाही. वाफ होऊन निघून जातं आणि इंधन तेवढं संपतं. मला हे आजही अद्भुत वाटतं: डोंगर जणू पातेल्यात हात घालून आच कमी करतो.

म्हणून कॅम्पिंगची भांडी निवडताना पहिला प्रश्न किती माणसं हा नाही, किती उंची हा आहे. सह्याद्रीत मूगडाळीची खिचडी झाकण ठेवलेल्या पातेल्यात होते, थोडा वेळ जास्त लागतो इतकंच. राजमा, छोले घरीच राहू द्या. लडाख, स्पितीला मात्र छोटा कुकर न्याच. शिटीचं वजन आत जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे लेहमध्येही कुकरच्या पोटात तापमान 110 अंशांच्या वर जातं. दीड-दोन किलोचं हे ओझं तिथे वसूल होतं.

पातेलं ॲल्युमिनियमचं घ्यावं. ते स्टीलच्या दहापटीहून अधिक वेगाने उष्णता पसरवतं, त्यामुळे लहान बर्नरवरही तळाशी एकाच जागी करपत नाही. टायटॅनियम हलकं आणि महाग. चहाच्या पाण्याला उत्तम, खिचडीला नाही.

आता शेगडी. गॅसचा कॅनिस्टर हलवून पाहा, आत द्रव डुचमळतो. त्याची वाफ होते तीच जळते, आणि वाफ होताना तो कॅनिस्टरचीच उष्णता ओढून घेतो. ज्योतीखालचा डबा हाताला गार लागतो तो यामुळे! पण ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वाफ व्हायलाच तयार नसतो. आयसोब्युटेन उणे 12पर्यंत तग धरतो, प्रोपेन उणे 42पर्यंत. थंडीत जायचं तर मिश्रण वाचून घ्या. त्यातही प्रोपेन आधी उडून जातो, म्हणून अर्धा डबा पहाटे रडतो. कोमट पाण्याच्या ताटलीत ठेवला की पुन्हा पेटतो.

रॉकेलच्या स्टोव्हला ही अडचण नाही, कारण तिथे दाब पंपाने द्यायचा असतो. 1892 साली स्वीडनमध्ये लिंडक्विस्टने बनवलेला प्रायमस म्हणूनच अमुंडसेनसोबत दक्षिण ध्रुवावर गेला, 1953 मध्ये एव्हरेस्टच्या मोहिमेतही होता.

इंधन किती? लिटरभर पाण्याला उकळी आणायला, निम्मी उष्णता वाऱ्यावर गेली असं धरूनही, 15 ग्रॅम गॅस पुरतो. बर्फ वितळवून पाणी करायचं असेल तर हिशेब बदलतो: बर्फाचं नुसतं पाणी व्हायला लागणारी उष्णता तेच पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापवायला पुरेल इतकी! कॅनिस्टर विमानात नेता येत नाहीत, ते पोचल्यावरच विकत घ्यावे लागतात.

वारा भणभणू लागला की शेगडी तंबूत घ्यावीशी वाटते. घेऊ नका. बंद जागेत जळण अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो. खडकाचा आडोसा शोधा आणि तिथेच चहा ठेवा.