नगरच्या छावणीतलं टपाल

माझ्या ओळखीच्या एका तिकीटसंग्राहकाकडे तपकिरी पडलेलं एक पोस्टकार्ड आहे. पाकिटातून बाहेर काढताना तो ते दोन बोटांनीच धरतो. पत्ता जर्मनीतला, मजकूर जर्मन, शाई फिकुटलेली. तिकीट नाही, युद्धकैद्यांच्या टपालाला ते लागत नसे. त्याऐवजी सेन्सॉरचा जांभळा शिक्का, आणि कैद्याने स्वतः लिहिलेलं ठिकाण: अहमदनगर. परक्या अक्षरांत आपल्या गावाचं नाव वाचलं आणि मला पुढे बोलवेना. भिंगारच्या रस्त्याने मी आयुष्यभर गेलो-आलो. पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन नागरिकांना डांबण्याची इंग्रजांची हिंदुस्थानातली मुख्य छावणी इथल्याच लष्करी हद्दीत होती, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

नागरिकांना, हे महत्त्वाचं. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा हिंदुस्थानात व्यापारी पेढ्यांतले कारकून होते, बंदरांत अडकलेले खलाशी होते, छोटा नागपूरच्या गॉस्नर मिशनचे पाद्री होते. बासेल मिशनची माणसं होती. आपल्या आजोळच्या घरांवर जी मंगळुरी कौलं असायची, त्यांचे कारखाने याच मिशनने सुरू केले होते. यांतल्या बहुतेकांनी कधी बंदूक हातात धरली नव्हती. परकीयांविषयीचा एक वटहुकूम निघाला आणि जन्मगाव हाच गुन्हा ठरला. लष्करी वयाचे पुरुष नगरला आले, बायका-मुलांची एक छावणी बेळगावला झाली. १९१५-१६ मध्ये ‘गोलकोंडा’ नावाच्या बोटीने बायका-मुलं आणि म्हातारेकोतारे युरोपात पाठवले गेले. तरुण मागेच राहिले. नवरा नगरला, बायको समुद्रापार, आणि दोघांमध्ये सेन्सॉरचा अधिकारी.

आपल्या जिल्ह्याला याची झळ आणखी एका वाटेने लागली. राहुरीकडचं केंदळ, वळण, पलीकडे संगमनेर, या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जर्मन जेझुइट फादर काम करत होते. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ मध्ये काढलं तेही जर्मन जेझुइटांनीच. युद्धाने या मंडळींचं कामच मोडलं. गावोगाव मराठी बोलत हिंडणारे फादर एका रात्रीत ‘शत्रू’ झाले.

या माणसांना कायद्याचं संरक्षण किती होतं? जवळजवळ नाहीच. १९०७ च्या हेग करारात पकडलेल्या सैनिकाला काय खायला द्यायचं, कुठे झोपवायचं, याचे नियम होते. नुसत्या संशयावरून पकडलेल्या कारकुनाबद्दल तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. जिनिव्हात रेडक्रॉसने ऑगस्ट १९१४ मध्येच युद्धकैद्यांसाठी माहिती केंद्र उघडलं. तिथले डॉक्टर फ्रेडरिक फेरिएर यांनी हट्टाने नागरिकांसाठी वेगळा विभाग चालवला. कोण कुठे आहे, जिवंत आहे का, हे घरच्यांना कळावं म्हणून एकेका माणसाचं कार्ड लिहिलं जाई. त्या केंद्राची कार्डं शेवटी सत्तर लाखांच्या घरात गेली.

१९१७ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात रेडक्रॉसचे तीन स्विस प्रतिनिधी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या छावण्या पाहत फिरले: डॉ. थॉर्मेयर, शॉख आणि डॉ. ब्लांशो. नगरलाही ते आले. हे तिघे काय पाहत होते, ते मला फार मोलाचं वाटतं. पांघरुणं, पाणी, संडास, दवाखाना, भाकरीचं वजन, पत्र पोचायला लागणारे दिवस. छावणीच्या मालकाला हिशेब विचारणारा तिसरा कुणी दारात उभा राहतो, एवढ्यानेही कैद्याच्या ताटात फरक पडतो.

पहिल्या महायुद्धाआधी, दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी इंग्रजांनी केलेल्या युद्धानेही नगरला माणसं पाठवली होती. १९०१-०२ मध्ये बोअर कैदी हजारो मैलांवरून इथे आणून ठेवले गेले. तिकडे त्यांची शेतघरं इंग्रज जाळत होते आणि बायका-मुलांना तारेच्या कुंपणात कोंबत होते. त्या छावण्यांत वीस हजारांहून अधिक बोअर माणसं मेली, बहुतेक लहान मुलं. कृष्णवर्णीय आफ्रिकनांच्या वेगळ्या छावण्या होत्या; तिथेही हजारोंनी मेले, आणि त्यांची धड मोजणीही कुणी ठेवली नाही.

१९३९ ला दुसरं महायुद्ध पेटलं आणि तेच पुन्हा. या वेळची नगरची छावणी मला जास्त अस्वस्थ करते. हिटलरच्या जाचाला कंटाळून हिंदुस्थानात आलेले ज्यू आणि हिटलरचे कट्टर भक्त एकाच कुंपणात आले, कारण दोघांचा पासपोर्ट जर्मन. ज्यांच्यापासून पळायचं त्यांच्याच शेजारी अंथरूण! चौकशी होऊन पुष्कळ निर्वासित पुढे सुटले, पण तोवरचे दिवस त्यांनी कसे काढले असतील? नंगा पर्वताहून परतताना कराचीत पकडलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर याच छावणीतून पुढे डेहराडूनला गेला आणि १९४४ मध्ये तिथून निसटून तिबेटात पोचला.

नागरिकांसाठीचा नियम अखेर १९४९ मध्ये चौथ्या जिनिव्हा कराराने आला. आज मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात त्याची परीक्षा चालू आहे. मार्च २०१३ मध्ये सेलेका बंडखोरांनी राजधानी बांगी घेतली, त्यांच्याविरुद्ध अँटी-बलाका टोळ्या उठल्या, आणि शेजारी शेजाऱ्याला धर्म विचारून मारू लागला. पन्नास-पंचावन्न लाखांच्या त्या देशात पाचातल्या एका जणाला घर सोडून पळावं लागलं. काही देशातच, काही कॅमेरून, चाड, काँगोकडे. २०१४ पासून संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे आहे. आणि रेडक्रॉसची माणसं आजही तुरुंगांत जाऊन तेच विचारतात: पाणी आहे का, औषध आहे का, घरी निरोप गेला का. ही बातमी आपल्या वर्तमानपत्रात चार ओळींत येते. नगरच्या माणसाने ती नीट थांबून वाचावी, असं मला मनापासून वाटतं.

छावणी आपण विसरलो; नगरच्या किल्ल्यातली १९४२ ची कैद मात्र आपल्याला पाठ आहे. ९ ऑगस्टला मुंबईत पकडलेले नेहरू, वल्लभभाई, मौलाना आझाद, शंकरराव देव आणि इतर नेते इथे आणले गेले. खटला नाही, आरोपपत्र नाही. ते कुठे आहेत हेही सुरुवातीला लपवून ठेवलेलं. नेहरू फुलझाडांसाठी वाफे खणत, आणि कुदळीला जुन्या भिंती लागत. आझाद पहाटे उठून चहा करीत, खोलीत येणाऱ्या चिमण्यांवर लिहीत. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम गेल्या. आजार बळावल्याचं आझादांना आधी कळलं होतं. सरकारकडे काही मागायचं असेल तर ते पोचवण्याची तयारी तुरुंगाधिकाऱ्याने दाखवली होती. मला काही मागायचं नाही, असं आझाद म्हणाले. १९४५ मध्ये सुटून ते हावड्याला उतरले तेव्हा स्टेशनावर लोटलेली गर्दी होती, गळ्यात हार होते. त्यांनी मोटार आधी कबरीकडे घ्यायला सांगितली, आणि मोटारीतला एक हार उचलून तिथे वाहिला.