स्वरांच्या लांबीचा हिशेब

भाईंदरजवळच्या उत्तन भागात ख्रिस्ती कुटुंबातील लग्नाची वरात निघाली, की पुढे ब्रास बँड असतो. शेजारच्या एखाद्या घरात मुले पेटीवर भूप रागाची सरगम गिरवीत असतात. पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या कॉर्नेटवादकाच्या कागदावर पाच आडव्या रेषा आणि त्यांवर काळ्यापांढऱ्या खुणा दिसतील. पेटीजवळच्या वहीत सा, रे, ग ही अक्षरे आणि मधूनमधून छोट्या आडव्या रेघा दिसतील. दोन्ही कागद दोनच गोष्टी सांगतात : स्वर कोणता, आणि तो किती वेळ. पहिली गोष्ट चटकन समजते. गोंधळ होतो तो दुसरीत. तीच आज समजून घेऊ या.

वेळ मोजायची तर एकक हवे. सारख्या अंतराने टाळ्या वाजवा. एका टाळीपासून पुढच्या टाळीपर्यंतचा काळ म्हणजे एक मात्रा. आता चार मात्रांचा हा तुकडा पाहा :

मात्रा : १ । २ । ३ । ४
स्वर : सा । – । रेग । –प

ही पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची पद्धत. तिचा नियम सोपा आहे. प्रत्येक मात्रेला एक घर. एका घरात दोन स्वर असतील तर त्यांच्याखाली अर्धचंद्र काढतात आणि प्रत्येकाला अर्धी मात्रा मिळते. तीन असतील तर प्रत्येकाला एक तृतीयांश. आडवी रेघ म्हणजे 'मागचा स्वर चालू ठेवा'. म्हणून वरच्या तुकड्यात सा २ मात्रा, रे अर्धी मात्रा, ग अर्धी अधिक अर्धी म्हणजे १ मात्रा, आणि प अर्धी मात्रा. बेरीज ४. हिशेब जुळला!

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या पद्धतीत घरांऐवजी प्रत्येक स्वराखाली त्याच्या लांबीची खूण असते. दोन मात्रांना ऽ, एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य. म्हणजे आपल्या तुकड्यात सा, रे, ग, प यांच्याखाली क्रमाने ऽ, ०, –, ० या खुणा येतील. लक्षात ठेवा, एकाच आडव्या रेघेचा अर्थ दोन पद्धतींत निराळा आहे.

पाश्चात्त्य लेखनाची रीतही खुणेचीच, पण तेथे खूण स्वराच्या आकारातच असते. पोकळ डोके आणि दांडी म्हणजे मिनिम. डोके भरीव केले की त्याच्या निम्मा क्रॉचेट. दांडीला शेपूट जोडली की आणखी निम्मा क्वेव्हर. क्रॉचेटला एक मात्रा धरली, तर आपला तुकडा होतो मिनिम, क्वेव्हर, क्रॉचेट, क्वेव्हर. स्वरापुढे टिंब दिले, की लांबी दीडपट होते. सारा कारभार निम्म्यानिम्म्याने चालत असल्यामुळे एका मात्रेत तीन सारखे स्वर बसवायचे झाले, तर वर ३ हा आकडा लिहावा लागतो.

तर मग सा नेमका किती सेकंद वाजवायचा? या खुणांत ते लिहिलेले नसते! त्या फक्त प्रमाण सांगतात. मिनिटाला ६० मात्रा घेतल्या, तर आपला सा २ सेकंद टिकेल. १२० घेतल्या, तर १ सेकंद. पण सा हा रे च्या चौपट, हे दोन्ही वेळा खरेच. लय न सांगता लिहिलेली स्वरलिपी म्हणजे प्रमाण न छापलेला नकाशा. हे प्रमाण आकड्यांत सांगता यावे म्हणून १८१५ साली मेल्झेल याने मेट्रोनोम या यंत्राचे पेटंट घेतले. आपल्याकडे विलंबित, मध्य, द्रुत हे शब्द तेच काम साधारणपणे करतात.

आता शांततेकडे वळू. 'सा –' आणि 'सा वाजवून एक मात्रा गप्प' या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पेटीवर पहिल्यात बोट पट्टीवर राहते, दुसऱ्यात उचलले जाते. पाश्चात्त्य लेखनात प्रत्येक लांबीच्या विरामाला स्वतंत्र खूण असते. कॉर्नेटवादक तेवढ्यात श्वास घेतो, पण मनातली मोजणी थांबवीत नाही. त्याने अर्ध्या मात्रेचा विराम गिळला, तर पुढचा प्रत्येक स्वर अर्धी मात्रा लवकर येईल आणि सारा बँड विस्कटेल. तबल्यावर मात्र हा फरक जवळजवळ पुसला जातो. थाप पडल्यावर चामड्याच्या कंपनांची ऊर्जा झपाट्याने कमी होते. भात्याने किंवा फुंकरीने मिळते तशी नवी ऊर्जा तिला मिळत नाही. म्हणून 'धा –' मधली रेघ म्हणजे पुढच्या बोलापर्यंत वाट पाहणे.

एवढा काटेकोरपणा कशासाठी? घराण्यांच्या स्मरणात असलेल्या शेकडो चिजा भातखंड्यांनी मिळवल्या आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत छापल्या. त्यांत नुसते स्वर असते आणि लांबी नसती, तर हाती फक्त अक्षरे उरली असती. चीज पुन्हा उभी राहिली नसती. मींड, कण यांची सारी नजाकत कागदावर उतरत नाही, त्यासाठी गुरूच हवा. पण चिजेचा सांगाडा मात्र कागदाने सांभाळला.

आता टाळ्या देत हा तुकडा म्हणून पाहा : सा । –रे । सा–रेग । – । प्रत्येक स्वराची लांबी काढा. तिसऱ्या घराचे चार सारखे भाग होतात, हे विसरू नका. बेरीज चार मात्रा आली, तर स्वरलिपी वाचता येऊ लागली असे समजा.