जठराचा कर्करोग : शस्त्रक्रियेनंतरची दक्षता

सुरतेच्या उधना व लिंबायत भागांत खानदेशातील अनेक कुटुंबे कापडधंद्यानिमित्त स्थायिक झाली आहेत. अशा कुटुंबातील एखाद्याच्या जठराच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झाल्यावर, गाठ निघाली म्हणजे रोग गेला असे समजून तो गावी परतला, तर तपासणीत खंड पडतो. हा समज घातक ठरू शकतो. व्हिएन्ना येथे १८८१ साली डॉ. बिलरोथ यांनी जठराचा रोगग्रस्त भाग प्रथमच यशस्वीपणे काढला. तथापि काही महिन्यांतच रोग उलटून ती रुग्ण स्त्री दगावली.

रोग जठराच्या भिंतीत किती खोल गेला, किती लसिकाग्रंथींत पसरला, कापलेल्या कडेवर रोगपेशी उरल्या काय आणि त्या पेशी कोणत्या प्रकारच्या, यांवर हा धोका अवलंबून असतो. किमान १६ ग्रंथी तपासल्यास प्रसाराचा अंदाज अधिक विश्वसनीय ठरतो.

बहुतेक वेळा रोग पहिल्या २ ते ३ वर्षांत उलटतो. म्हणून वजन घटणे, उलट्या होणे, पोट फुगणे याकडे दुर्लक्ष करू नये. सांगितलेला औषधोपचार पूर्ण करावा, तंबाखू वर्ज्य करावी आणि गावी जाताना पेशीतपासणीचा अहवाल सोबत ठेवून किमान ५ वर्षे नियमित तपासणी करून घ्यावी.