‘पोट कसे आहे?’ हे अरबीत विचारताना

काही वर्षांपूर्वी येमेनहून पुण्यात शिकायला आलेला एक तरुण आपल्या वडिलांना घेऊन आमच्या बाह्यरुग्ण विभागात आला. वडील साठीचे, फक्त अरबी जाणणारे. मी इंग्रजीत विचारायचो, मुलगा अरबीत सांगायचा. छातीतल्या जळजळीला इंग्रजीत ‘हार्टबर्न’ म्हणतात. मुलाने त्यातले ‘हार्ट’ तेवढे पकडले आणि वडिलांना हृदयाबद्दल विचारले. ते घाबरलेच. ईसीजी काढला, तो व्यवस्थित होता. जेवणानंतर आंबट पाणी घशाशी येते, हे पुढे हातवाऱ्यांतून कळले. ‘शौचाला डांबरासारखे काळे होते का?’ हा प्रश्न मात्र मुलाने वडिलांपर्यंत पोहोचवलाच नाही. ‘नाही’ असे परस्पर सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी अरबी जाणणाऱ्या एकाकडून तोच प्रश्न कागदावर लिहून घेतला. वडिलांनी तो वाचला आणि मुलाकडे न बघता होकारार्थी मान हलवली. दुर्बिणीने तपासल्यावर जठरात व्रण सापडला.

इथे निदान दुर्बिणीला काही दिसले तरी. पोटाच्या पुष्कळ रुग्णांत दुर्बीण, सोनोग्राफी, रक्त सगळे ठीक निघते आणि त्रास तर खराच असतो. अशा वेळी रुग्णाचे शब्द हेच मोजमाप. त्यासाठी स्वीडनमध्ये १९८८ मध्ये ‘जीएसआरएस’ नावाची १५ प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली. गेल्या आठवड्यात आंबट पाणी, पोटदुखी, गुबारा, जुलाब, बद्धकोष्ठता यांचा किती त्रास झाला, हे रुग्णाने १ ते ७ या अंकांत सांगायचे. औषधाने फरक पडला की नाही, हेही अशाच अंकांवरून ठरते.

ही प्रश्नावली अरबीत न्यायची म्हणजे शब्दकोश उघडून बसायचे नव्हे. रीत अशी, की दोघांनी स्वतंत्रपणे अरबी भाषांतर करायचे, त्यातून एक मसुदा ठरवायचा. मग मूळ प्रश्न न पाहिलेल्या तिसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत आणायचा. कुठे पाय घसरला ते तिथे दिसते. त्यानंतरचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. रुग्णांसमोर बसून ‘या प्रश्नातून तुम्हाला काय समजले?’ असे विचारायचे.

कारण अरबी एक नाही. लिहिण्याची प्रमाण अरबी सगळीकडे जवळपास सारखी, पण मोरोक्कोतला शेतकरी आणि इराकमधली गृहिणी घरात बोलतात ते एकमेकांना सहज कळत नाही. फारसे न शिकलेल्या रुग्णाला प्रश्न वाचून दाखवावा लागतो, आणि वाचणारा तो नकळत आपल्या बोलीत सांगतो. इजिप्तमध्ये माणसे सर्रास ‘मला कोलन आहे’ म्हणतात. मोठे आतडे कोणाला नाही! त्यांना म्हणायचा असतो पोटाचा जुनाट त्रास. आपल्याकडे ‘गॅस’ हा शब्द छातीतल्या कळेपासून डोकेदुखीपर्यंत कशालाही चालतो, तसेच हे. बद्धकोष्ठतेला अरबीत ‘इम्साक’ म्हणतात, आणि रमजानमध्ये पहाटे खाणे थांबवण्याच्या वेळेलाही ‘इम्साक’च. संदर्भाने गोंधळ टळतो. खरी अडचण निराळी: कोणी त्यात किती दिवसांनी होते ते मोजतो, कोणी खडा, कोणी कुंथणे. आपले ‘पोट साफ होत नाही’ तरी कुठे नेमके आहे? म्हणून मूळ प्रश्नावलीतच हे प्रश्न सुटे सुटे विचारले आहेत.

भाषेपलीकडचे घोळ वेगळेच. दोन जेवणांच्या मध्ये भुकेने पोटात दुखते का, असा एक प्रश्न आहे. रमजानच्या आठवड्यात त्याचे उत्तर काय घ्यायचे? वारा सरल्याने वुजू, म्हणजे नमाजापूर्वीची शुद्धी, मोडते. दिवसातून पाच वेळा नमाज पढणाऱ्याला तेवढ्याच वाताचा जाच जास्त वाटू शकतो. अरबी उजवीकडून वाचतात, म्हणून उत्तरांचा तक्ताही उलटा मांडावा लागतो. नाहीतर वाचकाला ‘अतिशय त्रास’ आधी दिसतो.

मग उरतो संकोच. पोटाच्या अशा विकारांची ३३ देशांतली पाहणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. भारत आणि इजिप्त दोन्ही त्यात होते. इंटरनेटवरून उत्तरे देणाऱ्यांत ४० टक्क्यांहून अधिक लोकांना यांपैकी एखादा तरी विकार होता. घरी जाऊन विचारलेल्यांत हे प्रमाण सुमारे निम्मे भरले. देश बहुतांशी वेगळे होते, त्यामुळे सगळा फरक संकोचाच्या माथी मारता येणार नाही. पण परक्या माणसाला तोंडावर शौचाविषयी सांगणे आणि एकट्याने खूण करणे यांत अंतर आहे, हे आमच्या ओपीडीत रोज दिसते.

भाषांतर झाले की तेच रुग्ण दोन आठवड्यांनी पुन्हा तेच प्रश्न सोडवतात. प्रकृतीत बदल नसताना अंक बदलले, तर फूटपट्टीच रबराची. मग प्रश्न पुन्हा दुरुस्त करायचा.

एक लक्षात ठेवायला हवे. काळ्या शौचाचा प्रश्न या पंधरांत नाही. तो डॉक्टरांनीच विचारायचा असतो. तो अरबी कागद अजून माझ्या खणात आहे, आणि आता हा प्रश्न विचारण्याआधी मी मुलाला किंवा सुनेला केसपेपरवर शिक्का मारून आणायला बाहेर पाठवतो.