लाल, हिरवा, निळा

लेखांक सातवा

गेल्या आठवड्यात असिमॉव यांच्या 'फाउंडेशन'विषयी लिहिलं. आकाशगंगाभर पसरलेलं साम्राज्य आणि हजार वर्षांचा हिशेब त्या मालिकेत आहे, पण पायाखालची जमीन तिथे फारशी लागत नाही. आजच्या मालिकेत मुख्यतः एकच ग्रह आहे. त्याचे दगड, धूळ, बर्फ आणि वारा यांनी पानंच्या पानं भरलेली आहेत. ही किम स्टॅन्ली रॉबिन्सन या अमेरिकन लेखकाची मंगळ-त्रयी: 'रेड मार्स' (१९९२), 'ग्रीन मार्स' (१९९३) आणि 'ब्लू मार्स' (१९९६). पहिल्या पुस्तकाला नेब्युला पुरस्कार मिळाला, पुढच्या दोन्हींना ह्यूगो. मला कुणी एकच विज्ञानकथा-मालिका सुचवायला सांगितली, तर मी हीच सुचवतो.

कथा २०२६ साली सुरू होते. शंभर निवडक माणसं मंगळावर कायमची राहायला निघतात. त्यांत बहुतेक अमेरिकन आणि रशियन, जवळजवळ सगळे वैज्ञानिक नाहीतर इंजिनियर. पुढे आयुष्य वाढवणारा उपचार सापडतो. त्यामुळे हीच माणसं जवळपास दोनशे वर्षं आपल्यासोबत राहतात, भांडतात, थकतात, जुन्या आठवणी विसरतात.

भांडण कशावरून? मंगळ बदलायचा की नाही, यावरून. सॅक्स रसेल हा शांत, मितभाषी भौतिकशास्त्रज्ञ. त्याला मंगळावर हवा दाट करायची आहे, पाणी वाहतं करायचं आहे, हिरवळ उगवायची आहे. त्याच्या मते बघणारं मन नसेल तर ग्रहाच्या सौंदर्याला अर्थच नाही. अ‍ॅन क्लेबोर्न भूशास्त्रज्ञ. तिला मंगळ आहे तसाच हवा आहे. कोट्यवधी वर्षांत कुणाचाही हात न लागलेला हा दगड आहे. त्याचा इतिहास वाचून होण्याआधीच तो पुसायचा अधिकार आपल्याला कुणी दिला, असं ती विचारते. रॉबिन्सन या दोघांपैकी कुणालाही खलनायक करत नाहीत. सॅक्सची पानं वाचताना मी सॅक्सच्या बाजूचा होतो, अ‍ॅनची वाचताना मला सॅक्सचा राग येतो. तीन पुस्तकं हा वाद चालतो आणि त्यातून दोघंही बदलतात. वैज्ञानिक मतभेद इतक्या प्रेमानं रंगवलेली दुसरी कादंबरी मी वाचलेली नाही.

अ‍ॅनचा तो दगड आपल्याला फार परका नाही. मंगळाचा पृष्ठभाग बराचसा बेसॉल्टचा आहे, आणि सह्याद्रीचा काळा पाषाणही बेसॉल्टच. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर ज्या विवरात आहे, ते उल्काघातानं बेसॉल्टमध्ये झालेलं. पृथ्वीवर अशी विवरं फारच थोडी, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारे लोणारकडे वळतात. लोणारच्या काठावर उभं राहिलेल्या माणसाला अ‍ॅनची वर्णनं समजावून सांगावी लागणार नाहीत.

मंगळ तापवायचा कसा, हे रॉबिन्सन टप्प्याटप्प्यानं उलगडतात. मंगळाची हवा पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही विरळ आणि सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. सुरुवात होते ती पवनचक्क्यांनी: वारा पाती फिरवतो, त्यातून उष्णता निघते. मग ग्रहाच्या पोटातली ऊब वर आणायला किलोमीटरच्या किलोमीटर खोल विहिरी खणल्या जातात. उष्णता धरून ठेवणारे वायू हवेत सोडले जातात. शेवटी अवकाशात प्रचंड आरसा उभारून जास्तीचा सूर्यप्रकाश खाली वळवला जातो. प्रत्येक टप्प्याची किंमत कुणी मोजली, हेही लेखक विसरत नाही.

यातलं काही विज्ञान आता मागे पडलं आहे. २००८ साली फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट हे विषारी क्षार आढळले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष असा, की मंगळाला ऊब देण्याइतका, हाती लागण्याजोगा कार्बन डायऑक्साइड तिथे उरलेलाच नाही. तरीही मालिका शिळी होत नाही, कारण तिच्यातला मुख्य प्रश्न तापमानाचा नाहीच. एखादी गोष्ट करता येते म्हणून ती करावी का, हा तो प्रश्न आहे.

माझी सर्वांत लाडकी नादिया. ही सायबेरियातली इंजिनियर, राजकारणाला कंटाळलेली. तिला फक्त बांधायचं असतं. मंगळाच्या मातीच्या विटा, कमानीची छतं, पाण्याचे नळ, आणि काम करताना कानात लुई आर्मस्ट्राँगचा जॅझ. अवजारांची पेटी उघडताना होणारा तिचा आनंद वाचून हाताला काम हवंसं वाटतं.

आणि एक कल्पना मनातून जात नाही. मंगळाचा दिवस आपल्यापेक्षा सुमारे साडेएकोणचाळीस मिनिटांनी मोठा. तिथली माणसं मध्यरात्री घड्याळं थांबवतात आणि तेवढा वेळ कुठल्याच तासात मोजत नाहीत. रोज रात्री प्रत्येकाच्या वाट्याला हा बिनहिशेबी वेळ येतो.

तिसऱ्या पुस्तकात मंगळाची राज्यघटना लिहिली जाते आणि कारखान्यांची मालकी कामगारांकडे असावी का, यावर चर्चा झडते. तिथे स्पेनच्या बास्क प्रांतातल्या माँद्रागॉन सहकारी संस्थांचा आदर्श आहे. सहकारी कारखान्याच्या सर्वसाधारण सभेला बसलेल्या वाचकाला ही चर्चा ओळखीची वाटेल. हा भाग लांबला आहे, हे मात्र मी मान्य करतो. शंभरेक पानं सहज कमी करता आली असती.

तिन्ही पुस्तकं मिळून दीड हजारांहून जास्त पानं होतात, इंग्रजी सोपं नाही, आणि 'रेड मार्स'ची सुरुवातच मधूनच होते: आधी एक खून, मग काही वर्षं मागे. तिथे गोंधळून पुस्तक मिटू नका. तिसऱ्या भागात नादिया बांधकामाला लागते, निदान तिथपर्यंत जा. मंगळाचा नकाशा शेजारी असू द्या, प्रवास कुठून कुठे चालला आहे ते बोटानं धरता येतं. आणि अ‍ॅन एकटी दगडांतून चालते आहे, ती पानं घाईनं उलटू नका.