सर्पदंश : पहिली मात्रा एटापल्लीतच

सूचना काय सांगतात, पालन कुठे अडते

राष्ट्रीय उपचार-सूचना स्पष्ट आहेत : विषबाधेची लक्षणे दिसताच प्रतिविषाच्या 8 ते 10 कुप्या शिरेतून. लहान मुलांनाही तेवढ्याच, कारण वय पाहून साप कमी विष सोडत नाही. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते. म्हणून साप मारून आणण्यात वेळ घालवू नये. रक्त गोठते का, हे कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत 20 मिनिटांत कळते. मण्यारीला मात्र ही चाचणी पुरत नाही. ती बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. सूज नसते, दंशाची खूणही सापडेलच असे नाही. पापण्या मिटू लागल्या की तोच पुरावा मानावा.

पालन अडते ते प्रतिविषाच्या रिअॅक्शनच्या भीतीपाशी. भीती खरी आहे. पण त्वचेवर चाचणी घेऊन रिअॅक्शन आधी ओळखता येत नाही, आणि तिच्यावरचे अॅड्रिनॅलिन स्वस्त आहे, ग्रामीण रुग्णालयात सिरिंजमध्ये तयार ठेवता येते. एटापल्लीहून गडचिरोली शंभर किलोमीटरहून दूर आहे. लक्षणे असलेल्या रुग्णाला मात्रेविना तिकडे धाडणे ही सावधगिरी नव्हे. सर्पदंशाचे मृत्यू 2030पर्यंत निम्मे करण्याचे केंद्राच्या 2024च्या कृती आराखड्याचे उद्दिष्ट आहे. त्याचा पहिला टप्पा अशाच तालुक्यांतल्या रुग्णालयांत पार पडायचा आहे.